नाना अजून स्टुलावरच

टाळ्याला जगातले सगळे शब्द म्हणता यायचे, एक सोडून. आणि दिग्दर्शकाचं पोट नेमकं त्याच एका शब्दावर चालतं, ही सगळी पंचाईत होती.

सेटवर तो पाटी वाजवायचा. म्हणजे ती काळी पाटी कॅमेऱ्याच्या तोंडासमोर धरायची, कितवा शॉट ते ओरडून सांगायचं, वरची फळी खाडकन आपटायची आणि मागे कुत्रं लागल्यासारखं चौकटीबाहेर पळायचं. म्हणून सगळे त्याला टाळ्या म्हणत. आईनं ठेवलेलं नाव आता फक्त आईला आणि दाताच्या डॉक्टरला माहीत होतं.

त्याला दिग्दर्शक व्हायचं होतं. कसं व्हायचं, हे ज्याला विचारावं तो स्वतःचाच रस्ता दाखवायचा. एक लेखक म्हणाला, "आधी पटकथा लिही." टाळ्यानं लिहिली. लेखकानं ती वाचली आणि म्हणाला, "छान. आता ही फाड आणि दुसरी लिही." कॅमेरावाली ताठ मानेची बाई होती. ती म्हणाली, "फोन उचल आणि काढायला लाग, वाट कसली बघतोस?" टाळ्यानं आईला नायिका करून स्वयंपाकघरात फोनवर छोटी फिल्म काढली. ऐन मरणाच्या प्रसंगात त्याच फोनवर मावशीचा फोन आला, आणि नायिका मरता मरता म्हणाली, "उचल, महत्त्वाचं असेल." मेकअपवाल्या दादांनी मात्र एका वाक्यात विषय संपवला. "निर्मात्याच्या मेव्हणीशी लग्न कर. बाकीचं आपोआप होतं."

तेव्हा टाळ्या हसला होता.

आता त्या शब्दाची गोष्ट. सेटवर एक नियम असतो. तो कुठे लिहिलेला नसतो, म्हणूनच कोणी मोडत नाही. 'कट' फक्त दिग्दर्शकानं म्हणायचं. नटाची पँट सुटो, छप्पर खाली येवो, दिग्दर्शक कट म्हणेपर्यंत कॅमेरा चालू राहतो, नटाचा अभिनय चालू राहतो आणि बाकीचे श्वास धरून उभे राहतात. टाळ्या अगदी नवा असताना एका नामांकित दिग्दर्शकाच्या, मोठ्या साहेबांच्या सेटवर नायिका रडत होती, आणि तिच्या मागचा पडदा दिव्याला टेकून पेटला. सगळ्यांना दिसत होतं. साहेब नायिकेच्या डोळ्यांत बुडाले होते, त्यांना धूरसुद्धा भावनेचाच वाटला असेल. टाळ्या ओरडला, "कट! अहो कट!"

पडदा विझला आणि साहेब पेटले.

"पडदा बाजारात मिळतो रे," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते हळू बोलत होते, अगदी जवळ येऊन. "माझा शब्द तू तोंडात घातलास. उष्टा केलास. आता तो मी कसा वापरू?" आणि खरंच, त्या दिवशी त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. प्रत्येक शॉटनंतर नुसता हात वर करायचे, आणि प्रत्येक हातागणिक सगळा सेट टाळ्याकडे बघायचा. संध्याकाळी जाताना म्हणाले, "पुन्हा हा शब्द तुझ्या तोंडून ऐकला, तर पाटी हातात राहणार नाही. कुठल्याच सेटवर."

तेव्हापासून तो शब्द टाळ्याच्या घशात रुतून बसला, माशाच्या काट्यासारखा. न्हाव्याकडे गेला तरी "जरा कमी करा" एवढंच म्हणायचा. आई शिवणकाम करायची, तिच्या कटपीसना तो 'उरलेलं कापड' म्हणायचा. बोलायला गेला की जीभ टाळूला चिकटायची आणि कानात साहेबांचा तो हळू आवाज यायचा.

त्यात शेठ भेटले.

शेठचा गाद्यांचा कारखाना होता. कुठल्याशा सेटवर नायकाला गच्चीवरून पडायचं होतं, म्हणून टाळ्या गाद्या आणायला गेला आणि गाद्या मोजून होईपर्यंत त्यानं शेठना आपली गोष्ट सांगितली. बायको गेल्यावर घरात एकटा राहणारा म्हातारा, त्याचा लांब गेलेला मुलगा, एवढीच गोष्ट. शेठ ऐकता ऐकता गादीवर बसले, मग आडवे झाले, मग डोळे पुसत उठले.

"आयुष्यभर माझं नाव गादीच्या खालच्या बाजूला छापत आलो," ते म्हणाले. "लोक माझ्या नावावर झोपतात, वाचत कोणी नाही. एकदा मोठ्या पडद्यावर यायला हवं. पण तू नवखा. एक प्रसंग करून दाखव, माझ्या डोळ्यांसमोर. जमलं तर चित्रपट तुझा."

"आणि नाही जमलं तर?"

"गोष्ट तर मला आवडलीच आहे. मग आमचे साडू करतील."

साडू तिथेच होते. ते लग्नाचे व्हिडिओ काढायचे. त्यांनी दिग्दर्शकाची टोपी आधीच विकत घेतली होती, गळ्यात दोरीला एक भिंग लटकवलं होतं आणि त्यातून ते टाळ्याकडे असे बघत होते की टाळ्याला आपण फार लांब आणि फार लहान असल्यासारखं वाटलं.

"माझ्याकडे ड्रोन आहे," साडू म्हणाले.

"म्हाताऱ्याच्या खोलीत ड्रोन?" टाळ्यानं विचारलं.

"खोलीला छप्पर पाहिजेच का?"

टाळ्याला मेकअपवाले दादा आठवले, आणि त्या दिवसापासून त्याचं जेवण उडालं.

म्हाताऱ्याच्या कामाला नाना मिळाले. नानांनी उभी हयात नाटकात आणि चित्रपटात काढली होती, बहुतेक वेळा कोणाचे तरी वडील म्हणून. प्रसंगासाठी सदरा शिवायचा म्हणून ते टाळ्याच्या घरी आले आणि हात पसरून उभे राहिले. आई माप घेत होती. ताई, म्हणजे टाळ्याची मोठी बहीण, पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची. ती नुकतीच आली होती, गळ्यात शिट्टी तशीच.

"माझं एक सांगून ठेवतो," नाना म्हणाले. "कट ऐकल्याशिवाय मी थांबत नाही."

"म्हणजे?" आईनं टेप तोंडात धरून विचारलं.

"म्हणजे थांबत नाही, वहिनी. एकदा केळं खाण्याचा प्रसंग होता. दिग्दर्शकाला ऐनवेळी उचकी लागली. त्याला शब्द येईना. मी अख्खी फणी संपवली. शेवटी साल खायला घेतली तेव्हा त्याला पाणी मिळालं."

ताई हसून हसून भिंतीला टेकली. टाळ्याला हसू आलं नाही.

"पण नाना," तो म्हणाला, "कोणी नुसतं 'थांबा' म्हटलं तर?"

"थांबा? बस थांबवायचीय का? थांबा म्हटलं की मी समजतो, समोरचं पात्र काहीतरी बोलतंय. त्याला उत्तर देतो." नानांनी हात खाली घेतले. "तो एक शब्द आला की मी नाना. तोपर्यंत मी तो म्हातारा. हे मधलंच जर कोणी हिसकावून घेतलं ना, तर मला या वयात वेड लागेल."

नाना गेल्यावर आईनं मशीनवर कापड घातलं आणि मान वर न करता विचारलं, "तुला तो शब्द अजून येत नाही ना रे?"

"येईल."

"म्हणून दाखव."

"आता?"

"नाही, माझ्या तेराव्याला. आत्ताच!" आई उठली. "थांब, नुसतं नको म्हणू. आपण करू. मी नटी. मी या पेल्यात पाणी ओतते. भरला की तू म्हणायचं. ताई, तू बघ."

"ॲक्शन," टाळ्या म्हणाला. हे त्याला जमायचं. सुरू करायला कोणालाही जमतं.

आईनं तांब्या कलता केला. पेला अर्धा झाला. पाऊण झाला. टाळ्यानं तोंड उघडलं आणि घशाचं दार धाडकन लागलं. पेला भरला. पाणी काठावर फुगून उभं राहिलं, मग ओट्यावरून खाली यायला लागलं. आई चेहरा अगदी करुण करून ओतत होती, कारण नटी होती.

"आई, अगं पुरे!"

"पुरे म्हणजे कट नव्हे," आई त्याच करुण चेहऱ्यानं म्हणाली.

पाणी मशीनच्या पायांपर्यंत पोचलं तेव्हा ताईनं शिट्टी मारली. आई दचकली, तांब्या पडला, आणि नानांच्या नव्या सदऱ्याचं कापड भिजलं.

"असं करू," फडकं पिळता पिळता ताई म्हणाली. "तुझा घसा बसला तर मी शिट्टी मारते. तलावात पोरं बुडायला लागली तरी शिट्टीनं थांबतात. तुझे नाना काय."

टाळ्याला रात्रभर पाणी चढत असल्याची स्वप्नं पडली. पाण्यात वर नाना तरंगत होते आणि केळी खात होते.

प्रसंगाचा दिवस उजाडला तो घामातच. शेठनी कारखान्याचं गोदाम दिलं होतं. मधोमध म्हाताऱ्याची खोली उभी केलेली: दोन भिंती, एक खिडकी, एक पलंग, छताच्या जागी आडवी पट्टी आणि पट्टीला लोंबणारा बल्ब. चारही बाजूंनी छतापर्यंत गाद्यांच्या थप्प्या. गाद्यांमुळे तिथे आवाज मरायचा. आपण बोललेलं आपल्याच नाकापर्यंत पोचून परत यायचं. टाळ्याला वाटलं, एखाद्या मोठ्या उशीनं आपल्याला हळूहळू दाबायला घेतलंय.

प्रसंग साधा होता. म्हातारा खोलीत येतो, दिवा लागत नाही. तो बल्बखालच्या स्टुलावर चढतो, गेलेला बल्ब काढतो, नवा लावतो. उजेड पडतो. त्या उजेडात त्याला भिंतीवरचा बायकोचा फोटो दिसतो. कट. मग दोघांनी नानांना धरून खाली उतरवायचं.

स्टूल आईच्या शिवणाच्या खोलीतलं होतं. त्याचा एक पाय आखूड होता, म्हणून खाली घडी घातलेला पुठ्ठा सारायचा. टाळ्यानं तो स्वतः सारला, दाबून बघितला, हलवून बघितला. कॅमेरावालीनं कोन लावला. आवाजवाला कानांवर डबे चढवून कोपऱ्यात बसला. पाटी ताईच्या हातात. आई नानांच्या सदऱ्याची कॉलर नीट करत होती. शेठ गाद्यांच्या एका बेताच्या थप्पीवर चढून बसले होते, पाय लोंबकळत. साडू भिंग लावून खोलीभर फिरत होते.

"घाबरलास?" कॅमेरावालीनं विचारलं.

"नाही."

"मग माझा कॅमेरा सोड. हलतोय."

टाळ्या दिग्दर्शकाच्या खुर्चीकडे गेला. बसला नाही. बसला असता तर पाय थरथरताना दिसले नसते, पण मग उठता आलं असतं की नाही याची खात्री नव्हती. मनात तो एकच शब्द घोकत होता. मनात तो अगदी ठणठणीत येत होता. मनात काय, सगळ्यांनाच पोहता येतं.

"साउंड?"

"चालू."

"कॅमेरा?"

"चालू."

ताईनं पाटी अशी आपटली की शेठ थप्पीवर वीतभर उडाले.

"ॲक्शन."

नाना आत आले. आणि क्षणात तिथे नाना उरले नाहीत. एक म्हातारा आला, दाराशी थांबला, अंधारात बटण चाचपलं, दोनदा दाबलं, आणि रिकाम्या पलंगाकडे तोंड करून म्हणाला, "गेला वाटतं गं." आईनं पदर तोंडाला लावला. टाळ्याला खरं वाटेना. हे आपण लिहिलंय? हे तर खरंच चाललंय.

म्हाताऱ्यानं बल्बखालचं स्टूल चाचपलं. वर चढला. आणि स्टूल डुगडुगलं.

टाळ्यानं खाली बघितलं. आखूड पाय हवेत होता.

पुठ्ठा? त्यानं डोळे फाडून खोली शोधली. मग त्याला साडू दिसले. गोदामात उकडत होतं, आणि साडू एका घडी घातलेल्या पुठ्ठ्यानं निवांत वारा घेत होते. टाळ्याशी नजर भेटली तशी त्यांनी कॅमेऱ्याच्या चौकटीकडे बोट केलं, नाक मुरडलं आणि ओठांनीच म्हणाले, "घाण दिसत होतं."



वर म्हाताऱ्यानं जुना बल्ब काढला. स्टूल डाव्या बाजूला कललं, थबकलं, परत आलं. म्हाताऱ्यानं नवा बल्ब लावला. उजेड पडला. फोटो दिसला. म्हातारा बघत राहिला.

हीच ती जागा. आता म्हणायचं.

टाळ्यानं तोंड उघडलं. "क्" एवढंच बाहेर आलं, तेही गाद्यांनी गिळलं. त्याला धुराचा वास आला, खरोखरच. कुठलाही पडदा पेटलेला नव्हता, पण वास आला. कानाशी कोणीतरी हळू आवाजात म्हणालं, उष्टा केलास.

नाना वरच होते. फोटोकडे बघून झालं होतं. कट आला नव्हता. मग त्यांनी बल्ब जरा पुसला. मग पट्टीवरची धूळ पुसली. मग फोटोला म्हणाले, "वर आलोच आहे, तर जाळीही काढतो." स्टुलाचा आखूड पाय टक् करून जमिनीला लागला आणि टक् करून उचलला गेला. त्या मेलेल्या गोदामात तेवढाच आवाज जिवंत होता. टक्. टक्.

सगळे टाळ्याकडे बघायला लागले. कॅमेरावालीनं डोळ्यांनी विचारलं, किती वेळ? आवाजवाल्यानं भुवया वर केल्या. आईनं दोन्ही हात जोडले, मुलाला की देवाला ते कळलं नाही. कोणी हललं नाही. नियम तो नियम. म्हातारा पडला असता तरी पडताना त्याचा शॉट नीट मिळाला असता.

ताईला राहवलं नाही. तिनं शिट्टी तोंडात घातली आणि फुंकली.

"कुकर झाला वाटतं," म्हातारा वरून म्हणाला. "एक झाली. अजून दोन होऊ देत."

ताईनं शिट्टी तोंडातून काढली आणि तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिनंच दगा दिला.

आणि मग स्टूल कललं ते परत आलं नाही. म्हाताऱ्याचा एक हात हवेत गेला. दुसऱ्या हातानं त्यानं दिव्याची वायर पकडली. वायर म्हणजे काही आधार नव्हे.

टाळ्याला पुढचं कळलं नाही. घशाला जे जमलं नाही, ते पायांनी केलं. तो धावत खोलीत शिरला, कॅमेऱ्याच्या समोरून, भर चौकटीत, गुडघ्यांवर पडला आणि स्टुलाचे पाय दोन्ही हातांनी कवटाळले. स्टूल थांबलं. वर नानांची पावलं त्याच्या नाकासमोर. पावलं थरथरत होती. टाळ्याचे हातही थरथरत होते. त्यामुळे स्टूल एकंदरीत स्थिर राहिलं.

झालं, संपलं, त्याला वाटलं. दिग्दर्शक स्वतःच्या पहिल्याच शॉटमध्ये रांगत आला.

मग आवाज आला, म्हाताऱ्याचा.

"आलास?"

टाळ्यानं वर बघितलं. नानांच्या डोळ्यांत नाना कुठेच नव्हते.

"एवढ्या दिवसांनी आलास, आणि थेट पायाशी? असं काय करून ठेवलंयस बाबा?"

टाळ्यानं स्टूल आणखी घट्ट धरलं.

"हा असाच," म्हातारा फोटोला म्हणाला. "लहानपणापासून. मनातलं ओठावर येईल तर शपथ. आई जायच्या वेळीसुद्धा दाराशी उभा राहिला मुका. धर, नीट धर. हात का कापतायत?"

"तुम्ही... तुम्ही पडाल," टाळ्या कसाबसा म्हणाला.

"पडेन की. वय झालं. पण कोणी उतरा म्हटल्याशिवाय मी उतरायचा नाही. आहे कोणी म्हणणारं या घरात?"

हे म्हातारा बोलत होता की नाना, ते टाळ्याला कळेना. त्यानं तोंड उघडलं, शब्द घशापर्यंत आला, तिथे अडकला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. भीतीनं. निव्वळ, शुद्ध भीतीनं. हातानं पुसता येईना, हात स्टुलाला.

इतक्यात 'टुंग' असा आवाज झाला.

"कार्ड भरलं," कॅमेरावाली म्हणाली. "कॅमेरा बंद पडला. आपोआप."

गोदामानं एकदम श्वास सोडला. आई मटकन गादीवर बसली. शेठ मात्र थप्पीवरून घसरत, धडपडत, रडत खाली आले.

"वा!" शेठ म्हणाले. "वा वा वा! मी माझ्या वडिलांच्या वेळी असा रडलो नव्हतो. तो मुलगा येतो आणि पायच धरतो! धड बोलतसुद्धा नाही! आणि ते थरथरणं, साडू, पाहिलंत? असं थरथरणं शिकवून येत नाही."

"पाहिलं ना," साडू पुठ्ठा मागे लपवत म्हणाले.

"ठरलं. चित्रपट करायचा. हाच प्रसंग, हेच नाना, आणि मुलाच्या कामाला हा टाळ्याच."

टाळ्या गुडघ्यांवरून ऐकत होता. त्याला आधी कळलंच नाही. "मुलाच्या कामाला?"

"नायक रे तू! दिग्दर्शनाचं काय घेऊन बसलास. तुला तर साधं कटसुद्धा म्हणता येत नाही, सगळ्यांनी पाहिलं. ते साडू बघतील."

"शेठ, गोष्ट माझी आहे."

"म्हणूनच तू तिच्यात राहा. ती बाहेरून बघायला साडू आहेत."

"शेठ, मला नट व्हायचं नाही, मला—"

"अरे उठून बोल ना, पाय धरून काय बोलतोस!"

पण उठता येत नव्हतं. कारण नाना अजून स्टुलावरच होते.

"नाना, या खाली," आई म्हणाली. "झालं ना आता. कॅमेरा बंद पडला."

"सूनबाई, बल्ब मिणमिणतोय," म्हातारा म्हणाला.

"अहो, कार्ड भरलं!" कॅमेरावाली ओरडली.

"कसलं कार्ड? लग्नाचं? कोणाचं?" म्हातारा म्हणाला आणि पुन्हा धूळ पुसायला लागला. त्यांचा गुडघा आता टाळ्याच्या डोक्याशी लटलट कापत होता. घामाचा एक थेंब वरून टाळ्याच्या मानेवर पडला. गार होता.

"याला काही अर्थ आहे का?" साडू म्हणाले. "म्हातारा पडेल आणि खापर माझ्या चित्रपटावर फुटेल. एक शब्द तर म्हणायचाय. सरका, मीच म्हणतो."

ते दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसले. चांगले ऐसपैस. टोपी नीट केली. भिंग डोळ्याला लावलं. शेठनी मान हलवली. ताईनं पाटी छातीशी धरली. सगळ्यांना कळलं होतं की ज्याच्या शब्दावर नाना उतरतील, चित्रपट त्याचा. शेठनासुद्धा कळलं होतं. गाद्यांनासुद्धा कळलं असावं.

साडूंनी खाकरून घसा साफ केला. छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं.

टाळ्याला त्या उघड्या तोंडात त्यांचे सोन्याचे दात दिसले. आपला शब्द तिथे, त्या दातांमध्ये जाणार. चघळला जाणार. उष्टा होणार. घशातला काटा आतल्या आत फिरला, आणि साहेबांच्या भीतीपेक्षा एक मोठी भीती खालून वर आली, तिनं जुनीला गचांडी धरून बाहेर ढकललं.

"कट!"

गाद्यांना तो गिळता आला नाही. आवाजवाल्यानं कानांवरचे डबे उपटून फेकले. साडूंचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शेठ एक हात वर, एक पाय पुढे, तसेच थबकले. आई थबकली. गोदामाच्या दारातून गादी नेणारे दोन हमाल गादीसकट थबकले. नियम तो नियम.

"हां," नाना म्हणाले, एकदम वेगळ्या, दमलेल्या आवाजात. "आला एकदाचा. अरे धरा कोणीतरी, पायांत गोळे आलेत माझ्या! मेलो असतो मी आज!"

ताई आणि कॅमेरावालीनं त्यांना खाली उतरवलं. ते पलंगावर बसले आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरूनही अर्धं पाणी नव्या सदऱ्यावर सांडलं.

शेठनी वरचा हात हळूच खाली घेतला. "मला का थांबवलं?" त्यांनी जरा घाबरूनच विचारलं. "मी नट थोडाच आहे?"

"मी तरी कुठे आहे?" टाळ्या म्हणाला.

शेठनी त्याच्याकडे बघितलं. मग साडूंकडे. साडू खुर्चीतून उठत होते, पण भिंगाची दोरी खुर्चीच्या हाताला अडकली होती.

"नाना," शेठ म्हणाले, "तुम्ही सांगा. कोणाचा चित्रपट?"

"मला काय विचारता? मी तासभर वर उभा होतो. ज्यानं उतरवलं त्याचा." नानांनी पेला खाली ठेवला. "आणि तो पुठ्ठा कोणी काढला, ते मला एकांतात सांगा."

साडू दोरी सोडवायला लागले, भराभरा.

"बरं," शेठनी उसासा टाकला. "कर बाबा तूच. पण ते थरथरणारं पोर मला चित्रपटात पाहिजे. कुठून आणायचं ते तू बघ. तूच दिग्दर्शक."

टाळ्याला वाटलं होतं, हे ऐकलं की आत काहीतरी मोकळं होईल. तसं झालं नाही. कॅमेरावालीनं नवं कार्ड घातलं, झाकण लावलं आणि त्याच्याकडे वळली. आवाजवाल्यानं डबे उचलून कानांवर चढवले आणि वळला. ताई पाटी पुसून वळली. आईही सुई-दोरा घेऊन वळली. नाना, शेठ, हमाल, सगळेच वळले. कोणीच काही करत नव्हतं. सगळे थांबले होते, त्याच्या शब्दावर थांबले होते, आणि तो पुढचं सांगेपर्यंत थांबणार होते.

"मग?" कॅमेरावालीनं विचारलं. "आता पुढे काय?"

टाळ्यानं तोंड उघडलं. वर्षानुवर्षं त्यानं एका शब्दाची भीती बाळगली होती. त्याच्यानंतर लगेच दुसरा लागतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. मोठे साहेब इतके हळू का बोलायचे, ते त्याला त्या क्षणी कळलं. घसा कोरडा पडला असणार त्यांचा.

"सांग की रे बाबा," नाना पलंगावरून म्हणाले. "आणि ते स्टूल सोड आता. मी केव्हाच खाली आलोय."

टाळ्यानं खाली बघितलं. दोन्ही हातांनी त्यानं स्टुलाचे पाय अजून घट्ट धरले होते.

"एक मिनिट," तो म्हणाला, आणि सोडलं नाही.